आधी जाब, मग पंचांग

साठीला टेकलेल्या एका शेतकऱ्याने १९ ऑगस्ट १७९१ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याला पत्र लिहिलं. सोबत पुढच्या वर्षाचं पंचांग होतं. त्याने स्वतः गणित करून ते सिद्ध केलं होतं आणि अजून छापून व्हायचं होतं, म्हणून हाताने उतरवलेली प्रत जोडली होती. शेतकऱ्याचं नाव बेंजामिन बॅनेकर, मंत्र्याचं टॉमस जेफरसन. बॅनेकर काळा, पण जन्मापासून स्वतंत्र. त्याचा बाप गुलामीतून सुटलेला. जेफरसन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक, आणि त्याच्या हयातीत सहाशेहून अधिक माणसं त्याच्या मालकीची होऊन गेली.

मराठीत हे लिहायला घेतलं की पहिल्याच ओळीत हात अडखळतो. ‘जेफरसन यांनी’ आणि ‘बॅनेकरने’ असं लिहून होतं, आणि झाल्यावर लक्षात येतं. आपल्या भाषेत मान क्रियापदाच्या शेपटीला बांधलेला असतो, त्यामुळे कोणाला किती द्यायचा हे वाक्य संपायच्या आत ठरवावं लागतं. मी दोघांनाही एकेरीच ठेवतो.

या पत्राचा उल्लेख गुलामगिरीविरोधी इतिहासात ठिकठिकाणी येतो. बहुतेक ठिकाणी गोष्ट एकाच तऱ्हेने सांगतात: काळ्या माणसाला बुद्धी असते हे दाखवण्यासाठी बॅनेकरने जेफरसनला आपलं पंचांग पाठवलं. ती वाचून मूळ पत्र उघडलं तेव्हा मी चक्रावलो. पंचांगाचा विषय निघतो तो पत्र बव्हंशी संपल्यावर. त्याआधी जे काही आहे, त्याला पुरावा म्हणणं मला जमत नाही.

पण आधी माणूस पाहू. मेरीलँडमध्ये बाल्टिमोरजवळ, पटॅप्स्को नदीच्या परिसरात बॅनेकरचं तंबाखूचं शेत होतं. तिथेच तो एकटा राहायचा. विशीच्या आसपास त्याने लाकडाचं घड्याळ केलं. दाते, चक्रं सगळं सुरीने कोरलेलं. ते पुढे कित्येक दशकं तास वाजवत राहिलं. त्याची एक वही उरली आहे, तिच्यात सिकाडा किड्यांबद्दलची नोंद आहे. १७४९ साली ते झुंडीने आले तेव्हा हे आता झाडं-फळं फस्त करणार म्हणून तो त्यांना मारत सुटला, आणि थोड्या वेळाने हे फुकटचे श्रम आहेत हे त्याला कळलं. मग ते १७६६ मध्ये आले, मग १७८३ मध्ये. त्याने सतरा वर्षांचा हिशेब मांडला आणि १८०० सालाची वाट पाहिली. शेतात उभं राहून चौतीस वर्षांत तीन वेळा दिसलेल्या गोष्टीचा नियम बांधणारा हा माणूस.

शेजारी एलिकॉट नावाचं क्वेकर कुटुंब गिरण्या चालवायचं. त्यांच्यातल्या जॉर्ज एलिकॉटने त्याला खगोलशास्त्राचे ग्रंथ आणि काही उपकरणं वापरायला दिली. बॅनेकर तेव्हा पन्नाशी ओलांडून गेलेला. शिकवायला कोणी नाही. तरी वर्ष-दोन वर्षांत तो ग्रहणाचं गणित करू लागला, आणि फर्ग्युसन व लेडबेटर या दोन ग्रंथकारांच्या रीतींत कुठे तफावत पडते ते जॉर्जला पत्राने कळवू लागला. १७९१ च्या सुरुवातीला नव्या राजधानीच्या जागेची मोजणी सुरू झाली, तेव्हा मुख्य मोजणीदार अँड्र्यू एलिकॉटने त्याला मदतीला नेलं. काही महिने तो तिथे तारे आणि घड्याळ सांभाळत होता. (वॉशिंग्टन शहराचा अख्खा आराखडा त्याने आठवणीतून काढून दिला ही दंतकथा. तिची त्याला गरज नाही.)

आता दुसरी बाजू. जेफरसनचं व्हर्जिनियावरचं पुस्तक १७८५ साली पॅरिसमध्ये आणि १७८७ साली लंडनमध्ये निघालं. त्यात नद्या आहेत, खनिजं आहेत, कायदे आहेत आणि एका प्रकरणात काळ्या माणसांविषयीची मतं आहेत. स्मरणशक्ती गोऱ्यांइतकी, तर्कबुद्धी फार कमी. युक्लिड समजून घेऊ शकेल असा एकही सापडणं कठीण. काळी त्वचा म्हणजे भाव झाकणारा पडदा, असंही तो म्हणतो. हे सगळं त्याने ‘शंका’ म्हणून मांडलं. मला त्या पुस्तकातलं सगळ्यात चलाख काही वाटतं तर ही शंका. ठाम विधान केलं तर ते सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. शंका घेतली की समोरच्याने उभं राहून आपली परीक्षा द्यायची.

ही परीक्षा फिलिस व्हीटलीने आधीच दिली होती. लहानपणी आफ्रिकेतून बोस्टनला आणून विकलेली ही मुलगी. तिचा कवितासंग्रह १७७३ साली लंडनमध्ये निघाला तेव्हा आरंभी बोस्टनच्या अठरा मातबर माणसांचा दाखला छापावा लागला की कविता हिनेच लिहिल्या आहेत. सह्या करणाऱ्यांत गव्हर्नर होता, धर्मोपदेशक होते, आणि तिचा मालकही होता. आधी दाखला, मग कविता. तिच्या आठ ओळींच्या प्रसिद्ध कवितेत आफ्रिकेतून आणल्याबद्दल कृतज्ञता आहे म्हणून अनेकांना ती टोचते. मात्र शेवटच्या दोन ओळींत ती एकदम आज्ञार्थात शिरते आणि ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांना बजावते की देवदूतांच्या रांगेत आम्हीही असू शकतो. गुलाम मुलीच्या तोंडचा आज्ञार्थ आहे तो. जेफरसनने त्याच पुस्तकात तिला एका फटक्यात निकालात काढलं: हे लिखाण टीकेच्याही लायकीचं नाही.

बॅनेकरच्या पत्रात या पुस्तकाचं नाव नाही. पण पत्राची बांधणी पाहिली की परीक्षार्थीच्या बाकावर बसायला हा माणूस तयार नाही हे दिसतं.

सुरुवात अगदी रीतीप्रमाणे. मायना अदबीचा. आपण एवढ्या मोठ्या पदावर, माझ्या रंगाविषयी जगात एवढा पूर्वग्रह, तेव्हा मी आपल्याला लिहिण्याची मोकळीक घेतो आहे हे मला कळतं, अशा अर्थाचं पहिलं वाक्य. अठराव्या शतकातली वाक्यं असतात तसं ते लांबलचक, घोळदार आहे. गंमत अशी की मोकळीक म्हणून त्याने योजलेले दोन इंग्रजी शब्द म्हणजे तिथे स्वातंत्र्याचेही शब्द. एकाच वाक्यात दोन्ही. लिहिण्याची परवानगी मागण्याच्या निमित्ताने त्याने पहिल्या ओळीत स्वातंत्र्य दोनदा घेतलं आहे. हे मुद्दाम की ओघात? पुढचं पत्र वाचल्यावर ओघात म्हणवत नाही.

मग तो सांगतो की आम्हाला माणसापेक्षा पशू समजलं जातं, बुद्धी आम्हाला जवळजवळ नाहीच असं धरलं जातं, हे आपल्याला सिद्ध करून दाखवण्याची गरज नाही. आणि लगेच: कानावर आलेल्या वार्तेवरून मी असं मानतो की अशा बाबतीत आपण इतरांपेक्षा कमी हट्टी आहात. इथे मला गावातला जुना, मुरलेला वकील दिसतो. ‘पाटील, तुम्ही न्यायाचं बोलणार हे आम्हाला ठाऊक आहे,’ असं चारचौघांत म्हणून टाकायचं. पाटलाने नाही म्हणून दाखवावं! स्तुती खरी की उपरोधिक, यावर वाद घालता येईल. पण परिणाम दोन्हीकडून एकच: दार बंद होतं.

त्यानंतर श्रद्धेचा भाग. सगळ्यांचा बाप एक, देह एकाच मांसाचा, सगळ्यांना सारख्याच संवेदना आणि सारख्याच शक्ती. हा मजकूर तेव्हाच्या प्रवचनांतून सर्रास ऐकू यायचा. मी इथून झरझर पुढे जातो, कारण पुढचं वाक्य थांबवतं. मी आफ्रिकी वंशाचा आहे, आणि त्या वंशाला निसर्गतः असणाऱ्या रंगाच्या गडदातल्या गडद छटेचा आहे, हे तो कबूल करतो. मोकळेपणाने आणि आनंदाने. ‘आनंदाने’ हा शब्द तिथे कोणी मागितलेला नाही. रंग कबूल करणं म्हणजे उणीव कबूल करणं, असा दंडक असलेल्या समाजात त्या एका क्रियाविशेषणाने सगळं उलटं करून ठेवलं आहे. पुढे तो म्हणतो की मी स्वतः गुलामीत नाही, स्वातंत्र्याची फळं चाखतो आहे, त्याबद्दल देवाचे उपकार. हा भाग मला थोडा सैल वाटतो. पण तो सैल सोडलेला दोर आहे, हे कळायला एक परिच्छेद जावा लागतो.

कारण आता विषय स्वातंत्र्याच्या फळांचा निघालेलाच आहे. सर, तो काळ आठवून पाहा, असं तो म्हणतो. ब्रिटिश राजमुकुटाने शस्त्रबळाने तुम्हाला दास्यात लोटायचं ठरवलं होतं. त्या वेळचे धोके आठवा. माणसाच्या मदतीची आशा संपली होती, ते दिवस आठवा. तेव्हा दास्य म्हणजे काय अन्याय आहे हे तुम्हाला स्वच्छ दिसत होतं. आणि इथे तो जेफरसनचा जाहीरनामा जेफरसनलाच वाचून दाखवतो. सगळी माणसं सारखी, जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क हिरावता न येणारा, वगैरे. ओळखीची वाक्यं, तारखेसकट मनात असलेली. लिहिणाऱ्याला त्याचंच लिहिलेलं ऐकवणं यासारखी अवघडून टाकणारी गोष्ट नाही.

मग येतो तो आरोप. कीव येते, असं तो म्हणतो. कीव! मेरीलँडचा शेतकरी परराष्ट्रमंत्र्याची गत कीव करण्यासारखी आहे असं कळवतो. ईश्वराच्या दयेची तुम्हाला एवढी खात्री, तरी त्याच वेळी तुम्ही माझ्या असंख्य बांधवांना फसवणुकीने आणि बळजबरीने डांबून ठेवता. इतरांनी तुमच्या बाबतीत केलं तेव्हा ज्याचा तुम्ही तिटकारा केलात, त्याच गुन्ह्याचे तुम्ही अपराधी ठरता. शब्द कायद्याचे आहेत: फसवणूक, बळजबरी, गुन्हा, अपराधी. जाहीरनाम्याच्या १७७६ च्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचं पाप जेफरसनने इंग्लंडच्या राजाच्या माथी मारलं होतं. काँग्रेसने तो परिच्छेद गाळला. बॅनेकरने हे ऐकलं असो वा नसो, तो आरोपपत्राचा रोख लंडनहून वळवून फिलाडेल्फियात आणतो, तेव्हा जिथे सरकार बसलं होतं तिथे.

या परिच्छेदाचं मराठी करायला बसा म्हणजे आणखी एक गोष्ट हाताला लागते. इंग्रजीत ‘यू’ एकच. मराठीत प्रत्येक वेळी निवड करावी लागते. पत्राच्या आरंभी निःशंकपणे ‘आपण’ येतं. मधे कुठेतरी ‘आपण’ लिहवत नाही, ‘तुम्ही’ होतं. आरोपाशी आलं की तेही पुरत नाही. तिथे ‘तुम्ही सगळे’ आहे, ‘तुम्ही लोक’ आहे. इंग्रजीत ते एका आत्मवाचक सर्वनामाच्या अनेकवचनावरून हळूच कळतं. एका माणसाच्या नावे निघालेलं पत्र वाटेत एका राष्ट्राच्या नावे होतं आणि शेवटी परत एका माणसाकडे येतं. ‘सर’ मात्र कुठे सुटत नाही. टोपी हातात धरून बोलणारा माणूस आवाज चढवतो आणि टोपी हातातच असते, तसं.

मग उपाय काय? तो म्हणतो, रीती सुचवण्याचं धाडस मी करत नाही. फक्त एवढंच, की तुम्ही आणि इतर सगळ्यांनी या कोत्या पूर्वग्रहांपासून स्वतःला तोडावं. यासाठी त्याने योजलेलं इंग्रजी क्रियापद बाळाचं अंगावरचं दूध तोडण्याचं आहे. आपल्याकडे लहानपणीच अंगात मुरलेल्या गोष्टीला बाळकडू म्हणतात, त्याच्या जवळचं. तोडताना कुठे कडुनिंबाचा पाला वाटून लावतात, कुठे कोरफड. दोन रात्री रडारड होते. जेफरसनला पशू म्हणता आलं असतं, ढोंगी म्हणता आलं असतं. बॅनेकर त्याला अजून अंगावर पिणारं मूल म्हणतो आणि पुढे जातो.

आणि लगोलग बायबलमधला ईयोब. सगळं गमावून राखेत बसलेल्या ईयोबाला समजूत घालायला मित्र येतात आणि त्याच्या दुःखाची कारणमीमांसा करत बसतात. माझ्या जागी तुमचा जीव असता तर, असं तो त्यांना सुनावतो. बॅनेकर हा दाखला देतो तेव्हा भूमिका आपोआप वाटल्या जातात. काळी माणसं राखेत बसलेली, आणि मीमांसा करणारा, व्हर्जिनियावर पुस्तक लिहिणारा, बाजूला पाटावर.

पंचांग येतं ते आता. तो म्हणतो, खरं तर मी लेखणी उचलली ती आपल्याला पंचांग भेट पाठवण्यासाठी. बांधवांविषयीच्या कळवळ्याने बोलणं लांबलं. यावर माझा काडीचाही विश्वास नाही. इतक्या मापाने रचलेलं बोलणं ओघात लांबत नसतं. पण ही थाप सुंदर आहे, कारण तिने पंचांगाची जात बदलते. ते प्रमाणपत्र राहत नाही, भेट होते. आमच्या माणूसपणाचा निकाल या कागदांवर लागणार नाही, तो वर लागून गेला आहे. हे घ्या, वर्षभर उपयोगी पडेल. आमच्या घरी पंचांग देवघराच्या बाजूला खुंटीवर असायचं, आणि त्यातलं काही विचारायचं तर गावजोशीच लागायचा. त्यामुळे स्वतःच्या आकड्यांनी सूर्य-चंद्र मांडून ते मंत्र्याला भेट देणाऱ्या शेतकऱ्याचा तोरा मला नीट कळतो.

इथे आणखी दोन बारीक गोष्टी आहेत. यंदा पंचांग जवळपास राहूनच जात होतं, असं तो लिहितो, कारण एलिकॉटसोबत राजधानीच्या जागेच्या कामावर होतो. ते काम जेफरसनच्याच खात्याखाली चाललं होतं. म्हणजे: तुमची राजधानी मोजण्यात माझा वेळ गेला. दुसरी गोष्ट, छापील प्रत निघेपर्यंत न थांबता हस्तलिखित का पाठवलं? आपल्याला ते माझ्या अक्षरात पाहता यावं म्हणून. पुढे बाल्टिमोरला पंचांग छापलं गेलं तेव्हा त्याच्या आरंभी जेम्स मॅकहेन्री या संविधानावर सही केलेल्या गृहस्थाची शिफारस होतीच. प्रकाशकांना त्याशिवाय चैन पडलं नसतं. पण जेफरसनकडे गेलेल्या प्रतीसोबत कोणाचाही दाखला नव्हता.

उत्तर ३० ऑगस्टला निघालं. अगदी छोटं, सौजन्यपूर्ण. निसर्गाने आमच्या काळ्या बांधवांनाही इतरांसारखीच बुद्धी दिली आहे याचे असे पुरावे पाहण्याची माझ्याइतकी इच्छा कोणाला नसेल. त्यांची स्थिती सुधारावी, परिस्थिती परवानगी देईल तितक्या वेगाने. पंचांग पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सचिव काँदोर्से यांना पाठवलं आहे. संपलं. उत्तर पुराव्याला दिलेलं आहे. फसवणूक, बळजबरी, गुन्हा यांपैकी एकाही शब्दाला उत्तर नाही. बॅनेकर ज्या बाकावर बसला नव्हता त्यावर त्याला हळुवार हाताने बसवून, उत्तम गुण देऊन जेफरसन मोकळा झाला. दोन्ही पत्रांचा शेवट मात्र एकाच साच्यातला, आपला अत्यंत आज्ञाधारक आणि नम्र सेवक. एकाकडून दुसऱ्याला, आणि दुसऱ्याकडून पहिल्याला. तेव्हाच्या शिष्टाचारात असला सारखेपणा चालत होता.

पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात पत्र आणि उत्तर मिळून पुस्तिका निघाली. एवढंसं उत्तरही जेफरसनला महाग पडलं. १७९६ च्या अध्यक्षपदाच्या लढतीत दक्षिण कॅरोलायनाच्या विल्यम स्मिथने काळ्या पंचांगवाल्याशी बंधुभाव जोडणारा म्हणून त्याची टर उडवली. अदब ठेवून बोलण्याचा काळही सरत गेला. १८२९ साली बोस्टनमध्ये जुन्या कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या डेव्हिड वॉकरने आपलं आवाहन छापलं आणि काळ्या बापांना सांगितलं की जेफरसनचं ते पुस्तक विकत घ्या आणि पोरांच्या हातात द्या. उत्तर गोऱ्या मित्रांवर सोपवू नका, आपण द्यायचं. त्याच्यात ‘सर’ नाही. वॉकर पेटलेला आहे, मोठा आहे. तरी वाचनाचं सुख मला बॅनेकरमध्ये जास्त मिळतं. हा कदाचित माझ्या स्वभावाचा दोष असेल.

एक शब्द मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुलामीसाठी बॅनेकर पत्रात एके ठिकाणी ‘थ्राल्डम’ हा जुना, जड शब्द वापरतो, त्यात अडकलेल्यांना ‘ब्रेद्रेन’ म्हणतो. १८७३ साली पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका इंग्रजीत लिहिली, अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांच्या नावे. आपल्या शूद्र बांधवांसाठी आणि ब्राह्मणी दास्यासाठी त्यांनी योजलेले शब्द नेमके हेच दोन. त्या काळच्या धार्मिक इंग्रजीत ते सगळ्यांचेच होते. तरी दोन पानं शेजारी ठेवली की पटॅप्स्को आणि मुळा-मुठेतलं अंतर बरंच कमी दिसतं.

बॅनेकर ऑक्टोबर १८०६ मध्ये गेला. त्याला पुरत असताना तिकडे त्याच्या घराला आग लागली आणि लाकडी घड्याळ जळालं. तीन वर्षांनी, १८०९ साली, जेफरसनने जोएल बार्लो या कवीला लिहिलं: या माणसाला पंचांग करण्यापुरतं गोलीय त्रिकोणमितीचं ज्ञान होतं, पण त्यात एलिकॉटची मदत नसेलच असं नाही. आणि माझ्याजवळ त्याचं एक लांब पत्र आहे, त्यावरून त्याची बुद्धी फारच सामान्य दिसते. म्हणजे अठरा वर्षांनीही पंचांगाला त्याने थोडेफार गुण दिले. पत्राला दिले नाहीत.

लांब पत्र, असं तो म्हणतो. मी घड्याळ लावून वाचलं. सावकाश, जुन्या इंग्रजीशी अडखळत, मधे एकदा चहा गाळून, बारा मिनिटं लागली.